इथं नको, दादी!

आयरिश ट्यून ऐकली की आपण 'वॉव' म्हणतो. पण तेवढाच इतिहास पोटात घेतलेली एखादी चाल आपल्याच घरात, चुलीपाशी बसलेली असेल तर? वाशिम जिल्ह्यातल्या तांड्यावरून निघालेल्या आणि डब्लिनला वळसा घालून घरी परतलेल्या एका शोधाची ही गोष्ट.

शुक्रवारची संध्याकाळ. बिल्ड गेलेला, मॅनेजर घरी गेलेला आणि पॅन्ट्रीतल्या मशीनची कॉफी नेहमीसारखीच पाणचट. आमचा टीम लीड नुकताच डब्लिनची ऑनसाइट संपवून हिंजवडीत परतला होता. येताना सगळे चॉकलेटं आणतात, ह्यानं गाणी आणली होती. छोटा स्पीकर टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "दहा मिनिटं द्या, फक्त दहा मिनिटं."

आधी एक रील लागली. चार-चारच्या तुकड्यांत धावणारी चाल, फिडल आणि बासरी एकमेकींच्या मागे पळताहेत. मग जिग, म्हणजे आपल्या दादऱ्यासारखी सहाच्या वजनात उड्या मारणारी. खुर्च्यांखाली पाय हलायला लागले. आणि मग त्यानं तिसरी ट्यून लावली. एकटी पाइप. कोपराखालच्या भात्यानं हवा भरून वाजवायची ती इलन पाइप. वरच्या सुरावरून सुरू होऊन हळूहळू खाली येणारी, मध्येच अडखळणारी, पुन्हा वर जाऊन पुन्हा खाली उतरणारी.

"हे रडणं आहे," तो म्हणाला. "पूर्वी आयर्लंडमध्ये कुणी गेलं की बायका जमून गाऊन रडायच्या. त्या सुराच्या वळणाची ही ट्यून. तिकडे ना, प्रत्येक चालीमागे हिस्टरी असते."

"कसलं डीप आहे!" कुणीतरी म्हणालं. "आपल्याकडे असं काही नाही यार."

मी कॉफीच्या कपात बघत बसले. कारण माझ्याकडे असं काहीतरी होतं. आणि ते मी वयाच्या तेराव्या वर्षी, वाशिममधल्या एका हॉस्टेलच्या व्हरांड्यात, स्वतःच्या तोंडानं बंद करून टाकलं होतं.

चाल म्हणजे चालणंही

आधी थोडी ओळख करून देते. मी गोर, म्हणजे तुमच्या भाषेत बंजारा. गाव म्हणाल तर तांडा, तालुका मानोरा, जिल्हा वाशिम. (पुण्यात 'वाशिम' म्हटलं की पुढचा प्रश्न 'वाशी का?' असा येतो. नाही हो, वाशिम! अकोल्याच्या खाली, १ जुलै १९९८ ला वेगळा झालेला जिल्हा.) आमच्या तालुक्यात पोहरादेवी आहे. तिथं संत सेवालाल महाराजांची समाधी, जगदंबेचं देऊळ. रामनवमीला देशभरातून गोर माणूस तिथं येतो. ५ ऑक्टोबर २०२४ ला तिथल्या बंजारा विरासत म्युझियमचं उद्घाटन झालं. इमारतीचं नाव नंगारा भवन आणि आकारही नंगाऱ्याचाच. एका वाद्याच्या आकाराची इमारत बांधावी, एवढं ते वाद्य आमच्यासाठी मोठं आहे.

का मोठं? कारण आमचे पूर्वज चालत होते. बैलांच्या पाठीवर गोणी लादून मीठ आणि धान्य देशभर पोचवायचं, ह्या धंद्याला लदेणी म्हणत. १६३२ मध्ये पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाला वाटेत एक तांडा भेटला. त्यानं बैलांचा आकडा लिहून ठेवलाय : १४,०००! आजच्या भाषेत सांगायचं तर आख्खं लॉजिस्टिक्स. मुघल फौजांना धान्य पुरवणारे आम्हीच आणि पुढे इंग्रजांच्या फौजांना पुरवणारेही आम्हीच. १८०३ मध्ये वऱ्हाडात अडगाव आणि गाविलगडच्या लढाया झाल्या, तेव्हाचा इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली. त्याच्या पत्रांत 'ब्रिंजारी' पुन्हा पुन्हा येतात, कारण ते वेळेवर आले नाहीत तर सैन्य उपाशी. आणि गंमत बघा, हा वेलस्ली जन्मला होता डब्लिनमध्ये. म्हणजे आयरिश मातीतला माणूस आणि तांडा यांची गाठ आमच्या टीम लीडच्या दोनशे वर्षं आधीच पडली होती!

एवढं चालायचं म्हटल्यावर गाणंही चालता चालताच जमणार. आमच्याकडे ढोबळमानानं तीन तऱ्हा. एक, नंगारा आणि काशाची थाळी घेऊन म्हटली जाणारी भजनं. दुसरी लेंगी. होळीच्या दिवसांत घोळका करून, फेर धरून म्हणायची, एकमेकांना टोमणे मारायची, वर्षभरात साठलेलं सगळं बोलून टाकायची. गेल्या वर्षीचा टोमणा ह्या वर्षी शिळा, पण चाल तीच. आणि तिसरी तऱ्हा ढावलो.

ढावलो म्हणजे लग्नात नवलेरीनं, म्हणजे नवरीनं, गाऊन रडायचं. हो, रडायचं तेही सुरात. आमच्या तांड्यात त्याला वाद्य नसतं. समोरच्या माणसाच्या गळ्यात पडायचं, वरचा सूर धरायचा आणि एका श्वासात जेवढं सांगता येईल तेवढं सांगत खाली यायचं. बापाला वेगळं, याडीला म्हणजे आईला वेगळं, भावाला वेगळं. शब्द ज्याचे त्याचे, चाल सगळ्यांची. जुन्या लग्नांत पाठवणीच्या वेळी नवलेरीला सजवलेल्या बैलावर उभं करत आणि ती दोन्ही हात वर करून हवेली म्हणे, माहेराला आशीर्वाद देत. माझी दादी, म्हणजे वडिलांची आई, तशी बैलावर उभी राहिली होती. लग्नाआधी पंधरा दिवस तिच्या तांड्यातल्या म्हाताऱ्यांनी तिला रोज रात्री ढावलो शिकवला होता. आज आपण संगीतसाठी कोरिओग्राफर लावतो ना, तसंच. फक्त इथं रडण्याचा क्लास!

ही रडण्याची चाल नवरीपुरतीच नव्हती. खूप दिवसांनी मुलगी भेटली, बहीण भेटली, की बायका गळामिठी घालून तशाच गात. भेटीतही रडणं आणि निरोपातही रडणं. ज्यांचं घर रोज हलतं, त्यांना भेट आणि निरोप ह्या दोनच गोष्टी खऱ्या.

दोन पोलीस, दोन वह्या

त्या शुक्रवारनंतर मला आयरिश संगीताचं वेडच लागलं. खरं सांगू? मी त्यात आमची माणसं शोधत होते.

सापडली ती फ्रान्सिस ओनीलची गोष्ट. जन्म १८४८, आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातला. तिथल्या दुष्काळाची ती वर्षं. १८४५ ते १८५२ मध्ये बटाट्याचं पीक कुजलं, दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. दुष्काळानंतर एका संग्राहकानं लिहिलं की गाण्यांच्या ह्या देशात आता शेतातून गाणं ऐकू येईनासं झालंय. ओनील पोरवयात जहाजावर चढला, फिरत फिरत शिकागोला पोचला, १८७३ मध्ये पोलिसांत लागला आणि १९०१ मध्ये थेट शिकागोचा पोलीस प्रमुख झाला. ह्या गृहस्थाला एकच नाद, लहानपणी ऐकलेल्या चाली गोळा करायच्या. शहरात आयरिश माणसं ढिगानं, कुणाला गावची एक चाल आठवतेय, कुणाला अर्धी. ओनील ती लक्षात ठेवायचा. स्वतःला नोटेशन लिहिता येईना, मग जेम्स ओनील नावाच्या दुसऱ्या पोलिसाला वाजवून, गुणगुणून दाखवायचा आणि तो लिहून घ्यायचा. १९०३ मध्ये पुस्तक आलं. त्यात १८५० चाली! आज जगात कुठंही आयरिश मंडळी वाजवायला बसली की त्यातल्या कितीतरी चाली ह्या वहीतून आलेल्या असतात.

आता दुसरा पोलीस. हा आमचा, म्हणजे आमच्यावर नेमलेला. वऱ्हाड पोलिसांतल्या कंबरलेज नावाच्या साहेबानं बंजाऱ्यांवर एक टिपण लिहिलं, ते १८८२ मध्ये छापलं गेलं. पुढे १९१६ मध्ये रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जो ग्रंथ काढला, त्यातही ह्या टिपणाचा आधार घेतलाय. कुळं, लग्नं, चालीरीती, सगळं त्यात आहे. चालीरीती लिहिल्या, चाली राहिल्या. साहेबाला दोष नाही. त्याला आमच्यावर नजर ठेवायची होती. ओनीलला स्वतःच्या आईचं गाणं परत ऐकायचं होतं. वही दोघांचीही, फरक कानांचा.

आणि नजर का ठेवायची होती? कारण तोवर आमचा धंदा बसला होता. १८६७ मध्ये रेल्वे अकोल्यावरून नागपूरला पोचली. जे ओझं न्यायला शेकडो बैल आणि आठवडे लागत, ते दोन दिवसांत जायला लागलं. त्यात मिठावर सरकारचा ताबा. चालणारी माणसं थांबली आणि थांबलेल्या, बिनकामाच्या, बिनशेतीच्या माणसाकडे सरकार संशयानं बघतं. १८७१ मध्ये 'गुन्हेगार जमाती' कायदा आला, आधी उत्तरेत, नंतर वाढत वाढत सगळीकडे. देशाच्या अनेक भागांत बंजारे त्या यादीत गेले. म्हणजे जन्मलात की गुन्हेगार! स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ ला, हा कायदा गेला. महाराष्ट्रात आजही आमची नोंद 'विमुक्त जाती' अशी होते. विमुक्त म्हणजे सोडून दिलेले. कशातून सोडलं, हे त्या एका शब्दातच आहे.

एक काम मात्र पुन्हा एका डब्लिनकराच्याच हातून झालं. जॉर्ज ग्रियर्सन. भारतीय भाषांच्या त्याच्या प्रचंड पाहणीच्या नवव्या खंडात, १९०७ मध्ये, आमची बोली कागदावर आली. गोरबोलीला स्वतःची लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगूत, कर्नाटकात कन्नडमध्ये. २०११ च्या जनगणनेत 'लंबाडी' ही मातृभाषा सांगणारे ३२ लाखांहून जास्त होते आणि मोजताना ते गेले हिंदीच्या खात्यात. एवढी माणसं, पण हिशेबात दिसत नाहीत. चालीचं तर विचारूच नका. ती कुठल्या खात्यात मांडणार?

कोणी मेलं का?

आता ती हॉस्टेलची गोष्ट. टाळत होते, पण सांगायलाच हवी.

आठवीत मला वाशिमच्या एका हॉस्टेलवर टाकलं. दोन महिने घर दिसलं नव्हतं. एका रविवारी दादी आली. एकटी, दोन एसट्या बदलून. अंगात फेटिया-कांचळी, त्यावर आरसे, हातात कोपरापर्यंत बलिया. मला बघितलं, धावत आली, गळ्यात पडली आणि तिनं वरचा सूर लावला.

व्हरांडाभर मुली जमल्या. दादी गातेय, माझ्या पाठीवरून हात फिरतोय. तिच्या आरशांत दुपारचं ऊन, आणि त्या उन्हाचे ठिपके समोरच्या भिंतीवर नाचताहेत. आणि मागून एकीचा आवाज, "काऊन रडून राहिली थे म्हातारी? कोणी मेलं का?" मग हसू.

मी दादीचे हात सोडवले. म्हणाले, "इथं नको, दादी!"

ती थांबली. एकदम, ओळीच्या मध्येच. डोळे पुसले, पिशवीतून रोट्या आणि लसणाची चटणी काढली, अभ्यासाचं विचारलं आणि दीडच्या एसटीनं निघून गेली. त्यानंतर पंधरा वर्षांत ती मला कितीदा भेटली असेल. एकदाही गाऊन भेटली नाही. मी मागितलं ते तिनं दिलं. अगदी तंतोतंत.

आयर्लंडमध्येही असंच घडलं होतं म्हणे! तिथल्या बायकांच्या त्या गाऊन रडण्याला इंग्रजीत कीनिंग म्हणतात. १७७३ मध्ये कॉर्क परगण्यात आर्ट ओलिअरी नावाचा तरुण मारला गेला. भांडण घोड्यावरून. तेव्हाच्या कायद्यानं कॅथलिक माणसाला पाच पौंडांहून महाग घोडा ठेवायची मुभा नव्हती आणि ह्यानं घोडा द्यायला नकार दिला. त्याची बायको एलीन ओकॉनेल हिनं त्याच्यासाठी जे गाऊन रडलं, ते लोकांच्या तोंडी राहिलं, खूप नंतर कागदावर आलं आणि आज आयरिश भाषेतली एक थोर कविता म्हणून शिकवलं जातं. पण ज्या चालीरीतीतून ती कविता आली, ती चालरीत मात्र गेली. चर्चला ती पसंत नव्हती. नव्यानं इंग्रजी शिकलेल्या मुलाबाळांना तिची लाज वाटायला लागली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत गाऊन रडणाऱ्या बायका जवळपास संपल्या.

म्हणजे बघा, रेल्वे आली, कायदा आला, दुष्काळ आला. त्यातून चाल वाचली होती. ती थांबली घरच्याच कुणीतरी 'इथं नको' म्हटल्यावर. आमच्या घरातलं ते कुणीतरी म्हणजे मी.

आता जातंच कोण?

ह्या वर्षी होळीला रजा टाकून तांड्यावर गेले. फोन फुल चार्ज, एक छोटा माइकही विकत घेतलेला. ओनील व्हायचं होतं ना!

दादी आता अठ्ठ्याहत्तरची. अंगणात बसली होती. मी शेजारी बसले, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि म्हणाले, "दादी, ढावलो म्हण ना."

ती हसली. ती गोरबोलीत बोलली, मी मराठीत सांगते. "कुणाचं लग्न आहे?"

"कुणाचं नाही. असंच. ठेवायला."

"ठेवायला ते काय लोणचं आहे? कुणी जात असेल तर म्हणायचं."

"मी जातेय ना, परवा."

"तू?" ती मोबाइलकडे बोट दाखवून म्हणाली, "रात्री ह्याच्यात दिसतेस. सकाळी चहा पिताना दिसतेस. मागच्या आठवड्यात तुझी चप्पल तुटली तेही मला माहीत आहे. आता जातंच कोण?"

मी गप्प. एवढ्या पुस्तकांत शोधलेली थिअरी म्हातारीनं एका वाक्यात सांगून टाकली होती. चालीला काम लागतं. लेंगीला होळी लागते, नंगाऱ्याला देव लागतो, ढावलोला निरोप लागतो. काम गेलं की चाल म्युझियममध्ये जाते. म्युझियम हवंच, पोहरादेवीचं बघून माझाही ऊर भरून आला. पण काचेआड ठेवलेला नंगारा वाजत नाही, तो वाजवावा लागतो. आयरिश चालीसुद्धा वहीमुळे वाचल्या हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं हे, की अजूनही मंगळवारी रात्री कुठल्याशा पबच्या कोपऱ्यात पाच-सहा माणसं गोल करून बसतात आणि वाजवतात. त्यातला एखादा आमच्यासारखाच दिवसभर लॅपटॉपवर डोळे फोडून आलेला असतो.

आणि वहीही वेळेवर लागते. जॉनी डोरान नावाचा एक भटका पाइपर होता. आमच्यासारखाच, घोडागाडीत संसार मांडून जत्रा, सामने, बाजार करत फिरणारा. १९४७ मध्ये आयरिश लोकसाहित्य आयोगाच्या एका माणसानं त्याचं वाजवणं तबकड्यांवर उतरवून घेतलं. पुढच्याच वर्षी डब्लिनमध्ये त्याच्या गाडीवर भिंत कोसळली, तो जायबंदी झाला आणि १९५० मध्ये गेला. त्याचं म्हणून आज जे ऐकायला मिळतं, ते त्या एका वेळचं. थोडा उशीर झाला असता तर तेही नसतं.

म्हणून मी हट्ट सोडला नाही. फक्त फोन बंद केला आणि प्रश्न बदलला. "म्हणू नको, मला शिकव."

दादीनं बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "आधी नावं सांग. कुणाकुणाला सोडून चाललीस?"

ढावलोचा पहिला धडा सुरांचा नसतो. यादीचा असतो. ज्याच्या गळ्यात पडायचं त्याचं नाव, त्यानं काय दिलं, कशावरून भांडला, कुठल्या झाडाखाली बसायचा. ते माहीत नसेल तर गाणार काय? मी सुरुवात केली. याडी, बापू, भाऊ, दादी, शेजारची काकी. तांड्यावरची वीस-बावीस नावं सहज झाली. मग ती म्हणाली, "आता पुण्याची सांग. ते गाव सोडायची वेळ आली तर कुणाच्या गळ्यात पडशील?"

मी बोटं मोजायला लागले. फ्लॅटमेट. डब्याच्या मावशी. ऑफिसातली एक मैत्रीण. मग? कॉन्टॅक्ट लिस्टमध्ये आठशे नावं आणि ढावलोच्या लायकीची तीन! तुम्हीही मोजून बघा. आत्ता, ह्या पानावर बोट ठेवून.

आधी विचारा, मग रेकॉर्ड करा

आता तुम्ही म्हणाल, आम्ही काही बंजारा नाही. नसाल. पण घरात कुणीतरी जात्यावरची ओवी म्हणणारं असेल, भुलाबाईची गाणी पाठ असणारं असेल, भारूड, पाळणा, शेतातली एखादी हाळी तरी असेल. मी चुका करून जे शिकले ते सांगते.

'म्हणून दाखव' असं पहिल्याच झटक्यात म्हणू नका. हे कधी म्हणायचे, कुणाकडून शिकलीस, तेव्हा तू कुठं होतीस, हे आधी विचारा. आठवण निघाली की चाल आपोआप निघते. हातानं काम करताना ती जास्त लवकर निघते, म्हणून सोबत शेंगा फोडा, भाजी निवडा. फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि पंखा बंद करा, नाहीतर दहा मिनिटं पंख्याचीच ट्यून ऐकाल. सुरुवातीला तारीख, गावाचं नाव आणि म्हणणाऱ्याचं नाव मोठ्यानं बोला. हे शेवटचं फार महत्त्वाचं. 'लंडनडेरी एअर' ही जगप्रसिद्ध आयरिश चाल १८५५ मध्ये पहिल्यांदा छापली गेली. लिमावडी गावच्या जेन रॉस बाईंनी ती मिळवून दिली. पण त्यांनी ती ज्याच्याकडून घेतली त्याचं नाव त्या पुस्तकात नाही. पुढे त्या चालीवर 'डॅनी बॉय'चे शब्द बसले, शब्द लिहिणाऱ्याचं नाव जगाला ठाऊक. वाजवणारा गेला तो गेलाच. निदान आपल्या आजीचं तसं होऊ देऊ नका.

आणि परवानगी घ्या. सगळंच इन्स्टावर टाकायचं नसतं. दादी म्हणाली, लेंगी टाक, सगळ्यांना ऐकू दे. ढावलो मात्र टाकू नको. रडणं ज्याच्या गळ्यात पडून रडतो त्याचं असतं. मी पाळतेय.

फाट्यावर

निघायच्या दिवशी दादी फाट्यापर्यंत आली. काठी टेकत, 'येऊ नको' म्हटलं तरी आली. दिग्रसकडून येणारी एसटी वेळेवर येईल तर ती एसटी कसली! आम्ही लिंबाखाली उभ्या राहिलो. फाट्यावर चहाची टपरी, दोन-तीन पोरं मोटरसायकलवर टेकून रील बघताहेत. आयरिश नव्हे, आपली.

बस लांबून दिसली. मी बॅग खांद्यावर घेतली आणि दादीच्या गळ्यात पडले. तीन दिवसांत शिकवलेली पहिली ओळ, तिच्या नावाची, वरच्या सुरात धरली. आवाज फाटला. पोरांनी मोबाइलमधून मान वर केली. मला जाणवलं, कान गरम झाले, तरी पुढे गेले. दुसऱ्या ओळीत दम संपला आणि सूर मध्येच बसला.

दादी रडत वगैरे नव्हती. पाठीवर थाप मारून म्हणाली, "श्वास तिथं नाही घ्यायचा. नाव संपल्यावर घ्यायचा. पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हटलं. ह्या वेळी दुसऱ्या ओळीला तिचा आवाज खालून येऊन मिळाला, बारीक, थकलेला, पण तोच.

कंडक्टरनं दार उघडून विचारलं, "ओ ताई, बसता का जाऊ?"

"थांबा दोन मिनिटं," टपरीवाला त्याला म्हणाला, "गाणं होऊ द्या त्यांचं."